कोरं पाणी शेवटी

२ मार्च, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. कारण एकच. या घरात जो तो येऊन काहीबाही कबूल करून जातो आणि महिन्याभराने आठवण करून दिली की म्हणतो, "मी असं म्हणालोच नव्हतो." लिहिलेलं असलं की तारखेनिशी तोंडावर टाकता येतं.

तर पहिल्यापासून. आमच्या लॉन्ड्रीच्या विहिरीला पेट्रोलचा वास येतो. आधी वाटलं माझ्याच नाकाला काही झालंय. मग हॉस्पिटलच्या चादरी परत आल्या. मेट्रनबाईंनी निरोप पाठवला, पेशंट विचारतात आम्हाला वॉर्डात ठेवलंय की गॅरेजमध्ये. चौकशी केली तेव्हा कळलं, समोरच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळते आहे. कधीपासून, ते कोणीच छातीठोक सांगत नाही. टाकीतून जमिनीत, जमिनीतून आमच्या विहिरीत.

पंपवाले भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे जिवलग दोस्त. हे गेल्यापासून रोज सकाळी चहाला येऊन बसतात, बोलत काही नाहीत. ते परवा हात जोडून आले. "वहिनी, चूक माझी. टाकी बदलतो. पाणीही साफ करून देतो, जमिनीतलं सगळं. तुम्ही एक पैसा काढायचा नाही."

एवढा चांगुलपणा मला पचत नाही. लॉन्ड्रीची जागा त्यांच्या पंपाला लागून आहे. उद्या लॉन्ड्री बसली तर जागा कोण घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सुनेला बोलून दाखवलं तर म्हणाली, "आई, ते खरंच शरमलेत हो." हिला सगळेच शरमलेले दिसतात.

मेट्रनबाईंची अट अशी: पाण्याचे लागोपाठ तीन रिपोर्ट चोख आले, तेही एप्रिल संपायच्या आत, तर हॉस्पिटलचे कपडे पुन्हा आमच्याकडे. नाहीतर दुसरी लॉन्ड्री. हॉस्पिटल गेलं तर आमच्याकडे उरतात चार घरचे शर्ट आणि एका हॉटेलचे टेबलक्लॉथ. त्यावर लॉन्ड्री चालत नाही. ही लॉन्ड्री ह्यांनी आणि मी मिळून उभी केली आहे. ती मी माझ्या डोळ्यांदेखत बंद पडू देणार नाही.

वही कुठे ठेवते ते इथे लिहीत नाही.

५ मार्च, गुरुवार

पाणी साफ करणाऱ्या कंपनीचा माणूस आला. गोल चष्मा, गोड बोलणं, नखं मात्र काळी. मी त्याचं नाव कोळशेवाला ठेवलं, कारण त्याने ट्रकमधून उतरवला तो सगळा कोळसाच. पोतीच्या पोती. मी म्हटलं, "आम्ही भट्टी लावतोय का?"

हसला. म्हणाला, "काकू, हा चुलीतला कोळसा नव्हे. करवंट्या जाळून, भाजून, मुद्दाम तयार केलेला आहे. याच्या एकेका दाण्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो भोकं असतात. पेट्रोल त्या भोकांत जाऊन चिकटतं, पाणी पुढे निघून जातं."

डोळ्यांना न दिसणारी भोकं. ऐकून घेतलं.

विहिरीशेजारच्या शेडमध्ये त्याने माणसाच्या उंचीची दोन निळी पिंपं उभी केली आणि दोन्हींत कोळसा भरला. पंप विहिरीतलं पाणी उपसतो, ते आधी एका पिंपातून जातं, मग दुसऱ्यातून, आणि तिथून गटारात. तीन रिपोर्ट चोख येईपर्यंत त्यातला थेंबही कपड्याला लावायचा नाही. पहिल्याला मी थोरलं म्हणते, दुसऱ्याला धाकटं.

पंप चालू केला आणि शेवटच्या नळातून काय आलं? काळंकुट्ट पाणी! मी कपाळावर हात मारला. साफ करायला आले आणि शाई करून ठेवली. तो म्हणे कोळशाची धूळ आहे, धुऊन जाईल. तासाभराने पाणी निवळलं खरं. पण मी बघितलंय ते बघितलंय.

शेडला कुलूप मीच आणलं. किल्ली सुनेच्या हातात दिली. कोळशेवाल्याने ती तिच्याकडून मागून घ्यायची. कुलपाबरोबर किती किल्ल्या येतात, हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

९ मार्च, सोमवार

टँकरच्या पाण्यावर काम चालू आहे, त्यामुळे पाणी जपून. आमची पद्धत जुनीच आहे, तीन हौदांची. मळके कपडे आधी दोनदा वापरलेल्या पाण्यात, मग एकदा वापरलेल्या, आणि शेवटी कोऱ्या. कोरं पाणी एकदा वापरलं की एक हौद मागे सरकतं. हे म्हणायचे, आपल्याकडे पाणी उलट्या पावलांनी चालतं.

कामाला एक नवी बाई ठेवली आहे. तिने आज टँकरचं पाणी सरळ पहिल्या हौदात सोडलं. मळक्या गोधड्यांवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "अगं, कोरं पाणी शेवटी! कोरं पाणी शेवटी! पाठ कर." ती घाबरून पाठ करत राहिली. सुनेने तिला कोपऱ्यात नेऊन चहा दिला. माझ्या रागावर चहा पाजण्याची हिला फार हौस.

नवीला दोऱ्यांचे रंगही शिकवले. निळा दोरा हॉटेलचा, पिवळा घरगुती. लाल दोरा बांधलेलं गाठोडं म्हणजे मला विचारल्याशिवाय कोणी सोडायचं नाही. खुद्द ह्यांनीही कधी सोडलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

पहिला रिपोर्ट चोख. लॅबवाल्यांचा फोन सुनेलाच आला. नमुने तीच भरते. कोळशेवाल्याने तिला शिकवलं आहे. छोट्या बाटल्या, हातात मोजे, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, लगेच बर्फाच्या डब्यात. शेवटच्या नळाची बाटली आधी भरायची, मग दोन पिंपांच्या मधल्या नळाची. मला आधी यातही काही काळंबेरं वाटलं. पण स्वच्छ आधी नि मळकं नंतर, नाहीतर मळक्याचा हात स्वच्छाला लागतो, हे मलाही पटलं.

संध्याकाळी ती चिरंजीवांशी फोनवर बोलत होती. तो परगावी नोकरीला आहे, दोन वर्षं होत आली. मी पडद्यामागे इस्त्रीचे कपडे मोजत होते. ऐकत नव्हते. ती म्हणाली, "नाही रे, एवढ्यात नाही. तीन रिपोर्ट होऊ देत, मग बघू."

मग बघू म्हणजे काय? तीन रिपोर्टनंतर हिला काय बघायचं आहे? तिकडे जायचं असणार, दुसरं काय. मग लॉन्ड्री कोण बघणार? आणि रिपोर्ट बिघडले, लॉन्ड्री बसली, तर जायला आणखी सोपं. या विचाराने जेवण गेलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

भाऊजी आले, चहा घेतला, विहिरीत डोकावले, गेले. का डोकावले?

३१ मार्च, मंगळवार

दुसरा रिपोर्टही चोख. सून अंगणातून पळत आली. तिने मला मिठीच मारली. मला अवघडल्यासारखं झालं. माझ्या हाताला स्टार्च होता.

पण माशी शिंकलीच. मधल्या नळाचं पाणी बिघडलंय. कोळशेवाला म्हणाला, "थोरलं पिंप भरलं, काकू." (पिंपाचं मी ठेवलेलं नाव याला कोणी सांगितलं? सुनेने!) "त्यातल्या कोळशात आता जागा नाही. मालाची ऑर्डर दिली आहे. तोवर धाकटं सांभाळून घेईल."

माल पुढच्या आठवड्यात येणार म्हणे. पण तोवर सगळा भार धाकट्यावर, म्हणजे तेही भरत चाललं असणार. हे मी बोलून दाखवलं तर चष्मा पुसत म्हणाला, "बरोबर आहे. म्हणूनच घाई करतोय." लगेच कबूल केलं. एवढ्या लवकर कबूल करणारी माणसं मला चालत नाहीत.

८ एप्रिल, बुधवार

आज पकडलं!

माल आला. कोळशेवाल्याने थोरल्या पिंपातला जुना कोळसा उपसून काढला, ओला, उग्र वासाचा. तो सीलबंद पिंपांत भरून परत पाठवला. थोरल्यात नवा कोळसा भरला, धुऊन घेतला. इथपर्यंत ठीक. मी इस्त्रीच्या टेबलाशी होते, तिथून शेड समोर दिसते. मग त्याने रबरी पाइपांची कपलिंगं सोडली आणि पाइप अदलाबदल केले. आता विहिरीचं पाणी आधी जातं जुन्या कोळशाच्या धाकट्यात, आणि मग शेवटी नव्या कोळशाच्या थोरल्यात.

म्हणजे नवा कोरा माल मागे, आणि अर्धा भरलेला जुना पुढे! दमाचा गडी पुढे उभा करायचा की मागे? नवा कोळसा घाण पाण्याच्या समोर हवा, त्याच्या अंगात जोर आहे. पण नाही. लॅबला जातं ते शेवटच्या नळाचं पाणी. तिथे नवा माल लावला की रिपोर्ट झगझगीत. आत जुना कोळसा दम तोडत का बसेना. तिसरा रिपोर्ट निघाला की हे लोक पिंपं उचलून पसार होणार आणि महिन्याभरात माझ्या चादरींना पुन्हा वास. मग हॉस्पिटल कायमचं जाईल. आणि मग समोरून कोणीतरी हात जोडून येईल, "वहिनी, जागेचं काय करायचं?"

सुनेला म्हटलं, "पाइप का फिरवले त्याने?" ती घाईत होती. म्हणाली, "तसंच असतं हो, आई. आपल्या हौदांसारखं." आणि हॉटेलचं गाठोडं घेऊन गेली. हौदांचा इथे काय संबंध? विषय टाळायला काहीतरी बोलायचं झालं.

कुठेतरी पाणी मुरतंय.

९ एप्रिल, गुरुवार

दुपारी सगळी सामसूम असताना माझी किल्ली काढली आणि शेडमध्ये गेले. पंप बंद केला. पाइप आणि कपलिंग यांच्याशी माझा जन्म गेलाय, दहा मिनिटांचं काम. आता पाणी आधी नव्या कोळशातून जातं, मग जुन्यातून. एक कपलिंग जरा ठिबकत होतं, त्याला लॉन्ड्रीतल्या पाइपांना बांधते तशी चिंधी आवळून बांधली. पंप चालू केला, कुलूप लावलं.

आता येऊ दे काय यायचं ते. रिपोर्ट चोख आला तर तो खरा चोख. मनातून हलकं वाटलं. हे असते तर म्हणाले असते, शाब्बास.

१४ एप्रिल, मंगळवार

तिसरा नमुना सुनेने भरला. आज मी खिडकीतून डोळ्यांत तेल घालून बघितलं. नवे मोजे घातले, शेवटच्या नळाची बाटली आधी, मधल्या नळाची नंतर. दोन्ही बर्फात. शेडच्या आत मात्र ती गेली नाही, दोन्ही नळ बाहेरच्या भिंतीवर आहेत. बाटली नाकाशी नेऊन तिने तोंड जरासं वाकडं केलं. मग पुन्हा एकदा नाकाशी नेली. ऊन डोळ्यांवर येत होतं बहुतेक.

१७ एप्रिल, शुक्रवार

तिसरा रिपोर्ट बिघडला.

फोन सकाळी आला. सून किल्ली घेऊन शेडमध्ये गेली. बराच वेळ आत होती. पंपाचा आवाज बंद झाला, मग पुन्हा सुरू झाला. बाहेर आली तेव्हा दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. माझ्याकडे एकदाच पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण गाडी थांबल्याचा आवाज आला, कोळशेवाला आणि भाऊजी आले.

कोळशेवाल्याने शेड तपासली. बाहेर येऊन चष्मा पुसत बसला. म्हणाला, "काही समजत नाही. पंप ठीक, कोळसा ठीक, पाइपांची मांडणीही बरोबर आहे."

मांडणी बरोबर! ती मांडणी माझी होती! त्याच्याच तोंडून निघालं. मी एक अक्षर बोलले नाही, पण आत कुठेतरी फार बरं वाटलं.

भाऊजींनी विचारलं, "मग आता?"

कोळशेवाला म्हणाला, "कारण सापडलं तर मेट्रनबाई तिसरा नमुना पुन्हा घेऊ देतील, त्यांना मी विचारलंय. कारणच सापडलं नाही तर पहिल्यापासून तीन. म्हणजे एप्रिल गेला."

लॉन्ड्री माझ्या डोळ्यांसमोर बंद होताना दिसत होती. तेवढ्यात सून म्हणाली, "माझ्याच हातून झालं. मी मधल्या नळाची बाटली आधी भरली. मग त्याच मोज्यांनी शेवटची."

खोटं! साफ खोटं! मी बघितलंय की.

कोळशेवाल्याने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. तसं लिहितो. पुढचा नमुना आमचा माणूस घेईल." भाऊजी म्हणाले, "होतं पोरी, चुका होतात." ती मान खाली घालून उभी राहिली.

आता मी विचारते: न केलेली चूक माणूस कबूल का करतो? दुसरी मोठी चूक लपवायची असेल तरच. भिजलेल्या बाह्या. बंद झालेला पंप. हिनेच आत काहीतरी केलंय.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळी स्पष्टच विचारलं. "तुला ही लॉन्ड्री बंद पडायला हवी आहे का?"

ती चहा गाळत होती. गाळणी तशीच धरून उभी राहिली.

म्हटलं, "तिकडे त्याच्याकडे जायचं असेल तर सरळ सांगून जा. माझं पाणी नासवून जाऊ नकोस. खोटं बोललीस तू काल. मी खिडकीतून बघितलं होतं."

"खिडकीतून एवढंच बघितलंत का, आई?"

"म्हणजे?"

तिने गाळणी खाली ठेवली. "काही नाही." मग आत जाऊन बॅग भरली. मी अडवलं नाही. फाटकाशी थांबून म्हणाली, "नवीला आज गोधड्या देऊ नका, तिचं मनगट दुखतंय." आणि माहेरी निघून गेली. किल्ली टेबलावर ठेवली होती.

भाऊजी नेहमीप्रमाणे आले. दोनच कप बघितले. चहा अर्धा ठेवून उठले.

१९ एप्रिल, रविवार

घर फार मोठं वाटतं. रागच आहे, दुसरं काही नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सून नसल्याने मीच हौदांवर उभी होते. नवी शेजारी. टँकरचं पाणी तिसऱ्या हौदात सोडलं. नवी आता जरा धीट झाली आहे. म्हणाली, "मालकीणबाई, एक विचारू? मळ तर पहिल्याच हौदात सुटतो. मग ताकदीचं कोरं पाणी तिथे नको का? शेवटी कपडा स्वच्छच झालेला असतो, त्याला जुनं पाणी का चालू नये?"

मी हसले. म्हटलं, "अगं वेडे, कोऱ्या पाण्यात स्वच्छ केलास कपडा आणि मग जुन्या पाण्यात घातलास, तर जुन्यातला मळ त्याला परत लागणार. जुन्याने सुरुवातीचा मळ खायचा, कोऱ्याने शेवट राखायचा. शेवटी जे लागतं तेच घरी जा..."

आणि तिथेच थांबले.

हातातला टेबलक्लॉथ हौदात पडला. नवी विचारत होती, "काय झालं? चक्कर आली का?" आपल्या हौदांसारखं, असं म्हणाली होती ती. आपल्या हौदांसारखं! मी तिला खोटी म्हटलं होतं. नव्या कोळशातून स्वच्छ होऊन निघालेलं पाणी मी माझ्या हातांनी जुन्या, भरलेल्या कोळशात सोडलं होतं. त्याने आत धरलेलं पेट्रोल त्या स्वच्छ पाण्याला परत लावलं. जे नवीला ओरडून शिकवलं, तेच मी उलटं करून बसले होते, आणि वर स्वतःला शाब्बास म्हणून घेतलं.

ओल्या हातांनी किल्ली काढली, शेडकडे धावले. पाइप आत्ताच्या आत्ता सरळ करायचे होते.

पाइप सरळच होते.

विहिरीतून धाकट्यात, धाकट्यातून थोरल्यात. कोळशेवाल्याने लावले होते तसेच. माझी चिंधी सोडून खिळ्याला नीट घडी घालून टांगलेली. आणि प्रत्येक कपलिंगला एक एक लाल दोरा बांधलेला. आमच्या लॉन्ड्रीचा लाल दोरा. मला विचारल्याशिवाय सोडायचा नाही तो.

मी तिथेच पाट ओढून बसले. भिजलेल्या बाह्या. बंद झालेला पंप. म्हणजे शुक्रवारी फोन आल्या आल्या ती आत गेली, पाइप बघितले, माझी चिंधी ओळखली. अशी चिंधी या घरात माझ्याशिवाय कोणी बांधत नाही. कोळशेवाला पोचायच्या आत तिने सगळं सरळ केलं. तो ज्या मांडणीला बरोबर म्हणाला, ती माझी नव्हतीच, तिची होती. आणि मग कारण हवं होतं म्हणून स्वतःचं नाव दिलं, दोन परक्या पुरुषांसमोर मान खाली घालून.

गप्प का राहिली? यात तिचा फायदा काय? मी संध्याकाळपर्यंत शोधत होते. सगळीकडून उलटसुलट करून बघितलं. एकही सापडला नाही.

२२ एप्रिल, बुधवार

हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे: सकाळी मनात आलं की कोणालाच कळलेलं नाही. नमुना पुन्हा घेतला जाणारच आहे, पाइप सरळ आहेत, रिपोर्ट चोख येईल, हॉस्पिटल परत मिळेल. मी काही बोलले नाही तरी लॉन्ड्री वाचते. फक्त ती परत येणार नाही.

भाऊजी चहाला आले तेव्हा कोळशेवाल्यालाही फोन करून बोलावून घेतलं, आणि दोघांसमोर सांगून टाकलं. कोळशेवाला म्हणाला, "मला शंका आली होती, काकू. मोज्यांनी एवढं बिघडत नाही. पण त्या म्हणाल्या म्हणून मी पुढे विचारलं नाही." म्हणजे यालाही कळलं होतं! खिडकीत उभी राहून सगळं बघणारी मी, मलाच तेवढं दिसलं नव्हतं.

भाऊजींना म्हटलं, "तुमच्यावरही माझा संशय होता. जागेवरून."

ते म्हणाले, "ठाऊक आहे, वहिनी. माझा दोस्त म्हणायचा ना, माणूस दुधाने धुतलेलं असलं तरी ही त्याला आपल्या तीन हौदांतून काढतेच." आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा ते माझ्यासमोर रडले. मीही.

दुपारच्या बसने तिच्या माहेरी गेले. तिच्या आईने दार उघडलं, आत घेतलं, आणि भाजी आणते म्हणून निघून गेली. सून पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. आमच्याच पद्धतीने, कडेला कड.

मी म्हटलं, "पाइप मी फिरवले होते."

"माहीत आहे."

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"तुमची लॉन्ड्री आहे ती, आई. भाऊजींसमोर तुम्हाला कसं खोटं पाडू?" एक घडी घातली, बाजूला ठेवली. "आणि मला वाटलं, रात्री तरी मला सांगाल तुम्ही. मी जागी होते. तुम्ही सकाळी उठून मलाच चोर केलंत."

मी तिच्याकडची चादर ओढून घेतली आणि दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून तिची घडी घातली. निघताना म्हणाले, "माझं चुकलं. तू ये किंवा नको येऊ, पण चुकलं ते चुकलं."

ती म्हणाली, "नमुना कधी आहे?"

"सोमवारी. त्यांचा माणूस येणार होता. मी नको म्हणून सांगितलंय."

तिने पुढची चादर घडी घालायला उचलली.

२७ एप्रिल, सोमवार

आली. बॅग घेऊन आली. दोन बाटल्या भरल्या, शेवटच्या नळाची आधी. मी इस्त्रीच्या टेबलाशी होते. खिडकी लावून घेतली होती. उकडलं फार.

३० एप्रिल, गुरुवार

रिपोर्ट चोख. मेट्रनबाईंची गाडी उद्या सकाळी येते आहे. शेवटच्या नळाला आज पाइप जोडला आणि विहिरीचं पाणी इतक्या महिन्यांनी तिसऱ्या हौदात पडलं. आम्ही तिघी हौदाच्या काठावर वाकून नाकाने हुंगत होतो. वास नाही. नवी म्हणाली, "कोरं आहे." भाऊजी फाटकातूनच हात जोडून गेले, आत आले नाहीत.

सुनेला म्हटलं, "मे महिन्यात जाऊन ये त्याच्याकडे. महिनाभर राहा. मी आणि नवी बघू इथलं."

ती बघतच राहिली. "खरंच म्हणताय? की मी गेल्यावर फोन ऐकायला पडदा मोकळा हवाय?"

पडद्याचंही माहीत आहे हिला.

मग मी शेडची टेबलावरची किल्ली तिच्या हातात दिली. नंतर कमरेची काढली, तीही दिली. म्हटलं, "ही माझी होती. कोणाला सांगितलं नव्हतं. आता कुलूप तुझं."

तिने दोन्ही किल्ल्या तळहातावर ठेवल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आई, तिसरी तर नाही ना?"

मी नाही म्हणाले. मग आत गेले आणि तिसरी घेऊन आले.